तुमच्याकडे चालतं, कारखान्यात चालत नाही: सी प्रोग्राम आणि लायब्ररीची दोन व्हर्जनं

आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तरच पुढे वाचा.

प्रोग्राम सुरूच होत नाही. टर्मिनलवर ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएसएसएल.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ अशी ओळ येते.

प्रोग्राम सुरू होत नाही, पण मेसेज वेगळा: ‘व्हर्जन जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड’.

सुरू होतो, नीट चालतो, आणि एक ठरावीक बटण दाबलं की ‘सिम्बॉल लुकअप एरर, अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून मरतो.

कंपाइल होताना एक वॉर्निंगसुद्धा नाही, पण चालताना एसक्यूलाइट (एका फाइलीत डेटाबेस ठेवणारी लायब्ररी) म्हणते ‘नियर रिटर्निंग: सिंटॅक्स एरर’. तीच क्वेरी तुमच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालते.

काहीच मेसेज नाही, नुसता सेगमेंटेशन फॉल्ट. शोधायला म्हणून एक प्रिंटएफ टाकला की क्रॅश दुसरीकडेच सरकतो.

हाताने चालवलं की चालतं, मशीन चालू होताना आपोआप सुरू व्हायला पाहिजे तेव्हा होत नाही.

आणि आमच्याकडचं खास लक्षण: लाइट गेली, परत आली, तेव्हापासून बंद. मधे कोणी काही बदललेलं नाही, अशी सगळे शपथ घेतात.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या काही कारखान्यांचे छोटे सी प्रोग्राम सांभाळतो. काम साधं असतं. वजनकाट्यावरून सिरीयल पोर्टने वजन घ्यायचं, एसक्यूलाइटमध्ये टाकायचं, गठ्ठ्यावर चिकटवायचं लेबल छापायचं आणि लिबकर्लने (नेटवर्कवर डेटा पाठवणारी लायब्ररी) दिवसाचा हिशोब ऑफिसला पाठवायचा. शिवाय इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट अडकला की लॅपटॉप घेऊन येतात. वरच्या सातही लक्षणांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: प्रोग्राम बनला एका व्हर्जनवर आणि चालतोय दुसऱ्यावर. म्हणून कोडला हात लावायच्या आधी दोन्ही व्हर्जनं विचारून घ्या. सगळं लिनक्सबद्दल आहे. आज्ञा आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

दोन व्हर्जनं येतात कुठून

कंपाइल करताना जीसीसी (सीचा कंपायलर) लायब्ररीचं फक्त हेडर, म्हणजे तिच्या फंक्शनांची ओळख देणारी फाइल, वाचतो. हेडरमधला व्हर्जनचा मॅक्रो (आकड्याला दिलेलं नाव) त्या क्षणी आकडा बनून तुमच्या बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्राम फाइलीत, गोठतो, नंतर तो कधीच बदलत नाही. खरं काम करणारी .एसओ (शेअर्ड लायब्ररी) फाइल मात्र प्रोग्राम सुरू होताना लोडर शोधतो, आणि त्या मशीनवर जी सापडेल ती घेतो. डेबियन आणि उबुंटूवर तर या दोन गोष्टी दोन वेगळ्या पॅकेजमधून येतात: हेडर लिबएसक्यूलाइट३-डेव्हमधून, चालणारी लायब्ररी लिबएसक्यूलाइट३-० मधून. दोन्ही एकाच मशीनवर, एकाच रिपॉझिटरीतून आली असतील तर जुळतात. बांधलं एका मशीनवर आणि चालवलं दुसऱ्यावर, किंवा कोणीतरी सोर्समधून ‘मेक इन्स्टॉल’ करून /यूएसआर/लोकलमध्ये तिसरी प्रत ठेवली, की फाटे फुटतात.

लाइटीचं कोडंही यातच सुटतं. चालू असलेल्या प्रोसेसने जुनी .एसओ मेमरीत धरून ठेवलेली असते. डिस्कवरची फाइल महिन्यापूर्वी बदलली तरी त्या प्रोसेसला पत्ता नसतो. लाइट गेली, मशीन नव्याने उठलं, तेव्हा कुठे नवी फाइल लोड झाली. म्हणजे बिघाड आजचा नाही, दिसला आज.

तपासणी १: मेसेज जसाच्या तसा वाचा

फुकट आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ऑपरेटरचा फोन येतो, ‘सर, काल चालत होतं, आज होईना झालंय.’ माझं उत्तर ठरलेलं: स्क्रीनचा फोटो पाठवा आणि काही दाबू नका.

कारण मेसेजमधल्या दोन शब्दांच्या फरकावर पुढचा रस्ता ठरतो. ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ म्हणजे फाइल सापडलीच नाही. ती नसेल तरी, किंवा असून लोडरच्या वाटेवर नसेल तरी हाच मेसेज. ‘व्हर्जन अमुक नॉट फाउंड’ म्हणजे फाइल सापडली, उघडली, पण आत हवं ते व्हर्जन नाही. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लावून लोक दिवस घालवतात. तिसरा एक प्रकार, ‘राँग एल्फ क्लास: एल्फक्लास३२’, यात व्हर्जनचा संबंधच नाही. ६४ बिटच्या प्रोग्रामला कोणीतरी ३२ बिटची लायब्ररी दिली आहे. जुन्या उपकरणांच्या सीडीतून आलेल्या .एसओ फाइल्स तशा निघतात. ‘फाइल’ ही आज्ञा त्या .एसओवर चालवली की लगेच कळतं.

तपासणी २: सगळं पुसून पुन्हा बांधा

सोर्स तुमच्याकडे असेल तर ‘मेक क्लीन’, मग ‘मेक’. हे ऐकून पोरं हसतात, पण त्यामागे पक्कं कारण आहे. ‘मेक’ कुठली .ओ फाइल (एका सोर्स फाइलीचं कंपाइल झालेलं रूप) पुन्हा बनवायची ते मेकफाइलमध्ये लिहिलेल्या अवलंबनांवरून ठरवतो. बऱ्याच मेकफाइल ही यादी जीसीसीच्या -एमएमडी या पर्यायाने बनवतात, आणि तो पर्याय सिस्टिमची हेडर मुद्दाम वगळतो. म्हणजे /यूएसआर/इन्क्लूडमधलं हेडर अपडेट झालं तरी ‘मेक’च्या दृष्टीने काही बदललेलं नसतं. निम्म्या .ओ फाइल जुन्या हेडरवर, ज्यांना आज हात लावला त्या नव्या हेडरवर, आणि सगळ्या एकाच बायनरीत. अशा खिचडीतून येणारा क्रॅश कोडमध्ये शोधून सापडत नाही. -एमएमडीऐवजी -एमडी लिहिलं की सिस्टिम हेडरही यादीत येतात. बांधायला थोडा वेळ जास्त लागतो, तो लागू द्या.

तपासणी ३: कोण चालवतंय, कुठून चालवतंय

हाताने चालतं, आपोआप चालत नाही, हे लक्षण असेल तर नव्वद टक्के उत्तर इथेच. टर्मिनलमध्ये ‘एको’ करून एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरने लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ते सांगणारा व्हेरिएबल) काय आहे ते बघा. काहीतरी छापून आलं, तर कोणीतरी बॅशआरसीमध्ये ती ओळ टाकून काम भागवलं आहे. बॅशआरसी फक्त तुमच्या शेलला लागू. क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारा) ती वाचत नाही, सिस्टिमडीची (मशीन उठताना प्रोग्राम सुरू करणारा) सर्व्हिस वाचत नाही, आणि सुडो तो व्हेरिएबल पुढे जाऊच देत नाही. त्यामुळे तुम्ही समोर बसून चालवता तेव्हा एक .एसओ लोड होते, सकाळी मशीन उठतं तेव्हा दुसरी, किंवा कुठलीच नाही.

एलडी_लायब्ररी_पाथ मी निदानासाठी वापरतो, कायमचा उपाय म्हणून नाही. कायमचं करायचं तर दोन रस्ते आहेत. एक, फोल्डरचा पत्ता /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डीमधल्या एका फाइलीत लिहून ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवणं. दुसरा, लिंक करताना आरपाथमध्ये (बायनरीतच लिहिलेला शोधायचा पत्ता) ‘डॉलर ओरिजिन’ देणं, म्हणजे बायनरी जिथे असेल तिथून लायब्ररी शोधली जाते. कारखान्यात फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवण्याची सवय असते, म्हणून मला दुसरा बरा वाटतो. एक खाच लक्षात ठेवा: हल्लीचे लिंकर हे रनपाथ म्हणून लिहितात, आणि रनपाथ तुमच्या लायब्ररीला लागणाऱ्या पुढच्या लायब्ररीपर्यंत पोचत नाही. शिवाय एलडी_लायब्ररी_पाथ दिलेला असेल तर तो रनपाथच्या आधी बघितला जातो.

तपासणी ४: दोन्ही व्हर्जनं प्रोग्रामलाच विचारा

हीच खरी तपासणी. बाकीच्या सगळ्या हिच्या आजूबाजूच्या.

जवळजवळ प्रत्येक जुन्या-जाणत्या सी लायब्ररीत एक जोडी असते: हेडरमध्ये मॅक्रो, लायब्ररीत फंक्शन. मॅक्रो सांगतो बांधताना काय होतं, फंक्शन सांगतं आत्ता काय लोड झालंय.

एसक्यूलाइटमध्ये मॅक्रो एसक्यूलाइट_व्हर्जन_नंबर आणि फंक्शन एसक्यूलाइट३_लिबव्हर्जन_नंबर(). दोन्ही पूर्णांक देतात. ३.३७.२ असेल तर ३०३७००२. सगळ्यात सोपी जोडी, इथूनच सुरुवात करा.

लिबकर्लमध्ये मॅक्रो लिबकर्ल_व्हर्जन_नम आणि फंक्शन कर्ल_व्हर्जन_इन्फो(). आकडा हेक्समध्ये असतो, प्रत्येक भागाला दोन अंक. ७.८१.० म्हणजे ०७५१००, कारण दशमान ८१ म्हणजे हेक्स ५१. इथे बरेच जण ‘हे ७.५१ कुठून आलं’ म्हणून भलत्याच मागे लागतात.

झेडलिबमध्ये (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) झेडलिब_व्हर्नम आणि झेडलिबव्हर्जन(). ओपनएसएसएलमध्ये (सुरक्षित जोडणीची लायब्ररी, लिबएसएसएल तिचाच भाग) ओपनएसएसएल_व्हर्जन_नंबर आणि ओपनएसएसएल_व्हर्जन_नम(). १.१.० च्या आधीच्या ओपनएसएसएलमध्ये हे फंक्शन नव्हतं, तिथे एसएसएलइएवाय() होतं. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी, मेसेजमधलं जीएलआयबीसी) दोन मॅक्रो, __जीलिबसी__ आणि __जीलिबसी_मायनर__, आणि चालतानाचं उत्तर जीएनयू_गेट_लिबसी_व्हर्जन() स्ट्रिंग म्हणून देतं.

मेनच्या सुरुवातीलाच ही जोडी लॉग फाइलीत लिहा. माझ्या लॉगची पहिली ओळ अशी दिसते:

एसक्यूलाइट: बांधताना ३.३७.२, चालताना ३.३१.१

एवढी एक ओळ असली की अर्धं काम फोनवर होतं. वरचे आकडे खरोखरच्या एका भानगडीतले आहेत. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, त्यात एसक्यूलाइट ३.३७.२. गोदामातल्या मशीनवर उबुंटू २०.०४, त्यात ३.३१.१. वजनाची नोंद टाकून तिचा क्रमांक परत घ्यायला क्वेरीत रिटर्निंग वापरलं होतं, आणि रिटर्निंग एसक्यूलाइटमध्ये ३.३५.० पासून आलं, २०२१ साली. क्वेरी कंपायलरच्या दृष्टीने नुसती स्ट्रिंग. तो तिच्या आत बघत नाही. त्यामुळे २०.०४ वर बांधलं तरी बिनबोभाट बांधलं जातं आणि पहिला गठ्ठा काट्यावर चढला की एरर. असे बिघाड कंपाइल करताना पकडायचे असतील तर व्हर्जनची अट आपणच लिहावी लागते: मॅक्रो ३०३५००० पेक्षा कमी असेल तर #एरर. आणि तीच अट चालतानाही, फंक्शनवर, कारण बांधलेल्या मशीनवर व्हर्जन पुरेसं असणं याचा अर्थ चालणाऱ्या मशीनवर पुरेसं आहे असा होत नाही.

अट लिहिताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, स्ट्रिंगची तुलना. एसटीआरसीएमपीला विचारलं तर ‘१.२.९’ हे ‘१.२.१३’ पेक्षा मोठं आहे, कारण ते अक्षर-अक्षर बघतं आणि ९ हे १ पेक्षा मोठं. आकडा देणारा मॅक्रो असेल तर तोच घ्या.

दुसरं, #इफमध्ये मॅक्रोच्या नावात चूक झाली किंवा हेडर घ्यायचं राहिलं, तर प्रीप्रोसेसर तक्रार करत नाही, त्या नावाच्या जागी शून्य धरतो आणि पुढे जातो. ‘व्हर्जन ५ पेक्षा जास्त असेल तर नवं फंक्शन वापर’ ही अट मग कायमची खोटी. जीसीसीला -डब्ल्यूअनडेफ दिलं की तो अशा नावांवर वॉर्निंग देतो. माझ्या प्रत्येक मेकफाइलमध्ये ते असतं.

तिसरं, बरोबरीची अट. एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात दोन्ही आकडे तंतोतंत समान असल्याचं असर्ट करून बघायची पद्धत दाखवली आहे. लायब्ररी तुम्ही स्वतःसोबत देत असाल तर ती योग्य आहे. पण लायब्ररी सिस्टिमची असेल तर समानतेच्या अटीने घात होतो: मशीनचं ऑपरेटिंग सिस्टिम पुढच्या रिलीजवर नेलं, लायब्ररी थोडी नवी झाली, आणि अगदी व्यवस्थित चालू शकणारा प्रोग्राम उगाच नकार देऊन बसतो. मी ‘चालतानाचं व्हर्जन बांधतानाच्या इतकं किंवा त्याहून नवं’ एवढंच मागतो. एसक्यूलाइट ३ आणि लिबकर्ल यांच्या बाबतीत ते चालतं. लिबकर्लच्या .एसओच्या नावातला ४ हा आकडा तर २००६ पासून बदललेला नाही. ओपनएसएसएलच्या बाबतीत मुख्य आकडा सारखाच हवा.

झेडलिब हा तपास स्वतःच करते, आणि तो किती ढिला आहे ते माहीत असलेलं बरं. डिफ्लेटइनिट हा खरं तर मॅक्रो आहे. तो हेडरमधली व्हर्जनची स्ट्रिंग आणि झेड_स्ट्रीमचा साइझऑफ गुपचूप लायब्ररीला देतो. लायब्ररी स्ट्रिंगचं फक्त पहिलं अक्षर आणि तो आकार पडताळते. जुळलं नाही तर झेड_व्हर्जन_एरर, म्हणजे उणे ६. १.२ आणि १.३ यांतला फरक तिच्या लेखी फरकच नाही.

लिबकर्लबद्दल अजून एक. व्हर्जन जुळूनही बिघाड राहू शकतो, कारण तीच लिबकर्ल वेगवेगळ्या पर्यायांनी बांधता येते. ‘प्रोटोकॉल एचटीटीपीएस नॉट सपोर्टेड’ असा मेसेज आला की व्हर्जन बघत बसू नका. कर्ल_व्हर्जन_इन्फो() जे स्ट्रक्चर देतं त्यातलं एसएसएल_व्हर्जन छापा. ते रिकामं असेल तर कोणीतरी एसएसएलशिवाय बांधलेली प्रत /यूएसआर/लोकलमध्ये पडून आहे. आणि कर्ल_इझी_सेटऑप्टचं उत्तर तपासत चला. नव्या हेडरवर बांधून जुन्या लायब्ररीवर चालवलं की न कळलेल्या पर्यायाला ती ४८ हा आकडा परत देते. आपण तो बघितला नाही तर टाइमआउट लावलाय अशा समजुतीत राहतो.

तपासणी ५: एलडीडी

‘एलडीडी’ आणि प्रोग्रामचं नाव. कुठली .एसओ कुठल्या फोल्डरमधून येणार याची यादी मिळते. ‘नॉट फाउंड’ शोधतोच आपण, पण उजवीकडचा पत्ताही वाचा. /यूएसआर/लोकल किंवा कोणाच्या तरी होम फोल्डरचा पत्ता दिसला तर चोर तिथेच आहे. ‘एलडीडी -आर’ केलं तर न सापडणारी फंक्शनंही दाखवतं. बटण दाबल्यावर मरणारा प्रोग्राम इथे आधीच पकडला जातो. फंक्शनचं नाव पहिल्यांदा वापरेपर्यंत न शोधण्याची सवलत लोडरला असते, म्हणून तो बिघाड उशिरा दिसतो. उबुंटूचा जीसीसी ती सवलत आपणहून काढून घेतो, त्यामुळे तिथे हे सहसा सुरुवातीलाच कळतं. प्लगइन म्हणून उघडलेल्या लायब्ररीत मात्र तिथेही उशीर होऊ शकतो.

अनोळखी ठिकाणाहून आलेल्या बायनरीवर एलडीडी चालवू नका, काही वेळा ते ती बायनरी प्रत्यक्ष चालवून बघतं. तिथे ‘ऑब्जडंप -पी’ करून ‘नीडेड’च्या ओळी वाचा.

चालू असलेल्या प्रोसेसबद्दल एलडीडी काही सांगत नाही, ते आत्ता सुरू केलं तर काय होईल ते सांगतं. चालू प्रोसेसचं खरं /प्रॉकमधल्या तिच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये, ‘मॅप्स’ फाइलीत असतं. तिथे .एसओच्या नावापुढे ‘डिलीटेड’ लिहिलेलं दिसलं तर खालची फाइल बदलली आहे आणि पुढच्या लाइटीला गंमत होणार. मी कारखान्यात गेलो की चहा येईपर्यंत हे एकदा बघून घेतो.

तपासणी ६: हेडर नेमकं कुठलं, लोडर नेमका कुठे गेला

जीसीसी /यूएसआर/इन्क्लूडच्या आधी /यूएसआर/लोकल/इन्क्लूड बघतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी कोणीतरी सोर्समधून टाकलेलं हेडर आजच्या पॅकेजच्या हेडरला झाकून टाकतं. कंपाइल करताना -एच (कॅपिटल) दिलं की प्रत्येक हेडरचा पूर्ण पत्ता छापला जातो. एवढ्यावर बहुतेक भुतं बाहेर येतात.

उलट बाजूने, नवी लायब्ररी ‘मेक इन्स्टॉल’ केली पण ‘सुडो एलडीकॉन्फिग’ करायचं राहिलं, तर लोडरच्या कॅशमध्ये तिचं नावच नाही. हेडर नवं, लायब्ररी जुनी. ‘एलडीकॉन्फिग -पी’ आणि ग्रेप करून कॅशमध्ये काय आहे ते बघा. तरीही कोडं सुटलं नाही तर एलडी_डीबग=लिब्स लावून प्रोग्राम चालवा. लोडर कुठल्या फोल्डरमध्ये डोकावला, कुठून रिकाम्या हाती परतला, कुठे थांबला, सगळं ओळीने छापतो. लांबलचक असतं, फाइलीत वळवून वाचा.

पीकेजी-कॉन्फिगच्या उत्तरावर विसंबू नका. ते .पीसी फाइलीत लिहिलेला आकडा सांगतं, म्हणजे बांधण्याच्या बाजूचं. चालतानाबद्दल त्याला काही माहीत नाही.

तपासणी ७: जीलिबसी

‘जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड’ हा मेसेज उबुंटू २२.०४ वर बांधून २०.०४ वर नेलं की हमखास येतो. २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५, २०.०४ मध्ये २.३१. ‘पण मी तर काही नवीन वापरलंच नाही’ असं प्रत्येक जण म्हणतो आणि ते खरं असतं. २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या __लिबसी_स्टार्ट_मेन या फंक्शनलाच नवं व्हर्जन मिळालं, त्यामुळे साधा हॅलो वर्ल्डसुद्धा २.३४ मागतो. कुठलं फंक्शन काय मागतंय ते ‘ऑब्जडंप -टी’ (टी कॅपिटल) करून जीएलआयबीसी ग्रेप केलं की दिसतं.

उपाय एकच: सगळ्यात जुन्या मशीनवर बांधा. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. जुनं मशीन हाताशी नसेल तर डॉकरमध्ये (आहे त्याच मशीनवर वेगळं लिनक्स चालवणारं साधन) उबुंटू २०.०४ उघडून त्यात बांधा. पूर्ण स्टॅटिक बायनरी (सगळ्या लायब्ररी आतच घेतलेली) बनवणं हा पळवाटीचा रस्ता आहे. गेटअ‍ॅडरइन्फो वापरत असाल, आणि नेटवर्कवर काही पाठवणारा जवळजवळ प्रत्येक जण वापरतो, तर लिंकरच वॉर्निंग देतो की चालताना त्याच व्हर्जनची जीलिबसी लागेल.

एसक्यूलाइटची मात्र मी सरळ एसक्यूलाइट३.सी ही एकच मोठी फाइल प्रोजेक्टमध्ये घेतो. परवान्याची कटकट नाही, दोन्ही व्हर्जनं कायमची एक. ओपनएसएसएलबाबत असं करू नका. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येतात आणि त्या मशीनला आपोआप मिळायला पाहिजेत, तुम्ही पुन्हा बांधून पाठवेपर्यंत थांबायला नकोत.

तपासणी ८: गुपचूप क्रॅश

यात वेळ जातो. मेसेज नाही, एलडीडी स्वच्छ, तरी सेगफॉल्ट. बहुतेक वेळा उपकरणासोबत मिळालेली लायब्ररी असते, जिच्यात व्हर्जन विचारायचं फंक्शनच नाही. हेडर जुन्या सीडीतलं, .एसओ नव्या मशीनवरची, आणि मधे एका स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढलेलं. जॅकार्डची (मागावर नक्षी विणणारं यंत्र) पट्टी जास्त हुकांची आणि मागावरचं जॅकार्ड कमी हुकांचं असलं की नक्षी एका जागेवरून पुढे सगळी सरकते, तसंच.

सरकणं डोळ्यांना दिसतं. लायब्ररीने भरून दिलेलं स्ट्रक्चर फील्ड-फील्ड छापा. लेबल प्रिंटरच्या एका प्रकरणात रुंदीच्या जागी शून्य, उंचीच्या जागी रुंदी, डीपीआयच्या जागी उंची असं छापून आलं होतं. पहिली दोन फील्डं बरोबर, तिसऱ्यापासून प्रत्येक किंमत शेजारच्या खोलीत. असं दिसलं की कोड तपासणं बंद करा. हेडर आणि .एसओ एकाच सीडीतली घ्या, मेक क्लीन, पुन्हा बांधा. इथे व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) उपयोगी आहे, पण आधी हे छापून बघणं स्वस्त.

काय करू नका

लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही म्हणून लिबएसएसएल.एसओ.३ ला त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारं नाव) करणं. फाइल सापडेल, आणि लगेच ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड’ येईल. नावातला आकडा उगाच नसतो, जुनं आणि नवं अदलाबदल चालत नाही हे सांगण्यासाठीच तो बदलतात. ज्या लायब्ररीत असा आतला पहारा नसतो तिथे सिमलिंक चालल्यासारखी वाटते, आणि ते जास्त वाईट. जुन्या रिलीजमधलं लिबएसएसएल१.१ चं पॅकेज उचलून बसवणं आजची रात्र काढायला ठीक आहे. पण ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा प्रोग्राम ३ वर पुन्हा बांधायचं काम डोक्यावर राहतंच.

कुठे थांबायचं

जीलिबसी हाताने बदलायची वेळ आली असं वाटलं तर तिथेच थांबा. लिबसी.एसओ.६ बिघडली की एलएस, सीपी, सुडो, सगळं एकदम बंद पडतं, आणि दुरुस्त करायला लागणाऱ्या आज्ञाही त्यातच असतात. हे काम लिनक्स सिस्टिम ॲडमिनचं, तेही बॅकअप घेतल्यावर.

मशीनचं ऑपरेटिंग सिस्टिमच अपग्रेड करावं लागणार असेल तरी थांबा. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला, म्हणजे हा प्रश्न येणारच आहे. पण त्याच मशीनवर जीएसटीची बिलं आणि हजेरी असेल तर चालू शिफ्टमध्ये हात घालू नका. मालकांना आधी सांगा, आठवडी सुट्टीचा दिवस मागून घ्या.

.एसओ उपकरणाच्या कंपनीची आहे, सोर्स नाही, जुळणारं हेडर मिळत नाही, अशा वेळी हेडर अंदाजाने दुरुस्त करू नका. कंपनीच्या सपोर्टला लिहा. आणि क्रॅशसोबत डेटाबेसमध्ये चुकीची वजनं दिसायला लागली असतील तर प्रोग्राम बंद करा, नोंदी वहीत सुरू करा, डेटाबेस फाइलीची प्रत काढा, मगच कोणाला तरी बोलवा.

बोलावण्याआधी एका टेक्स्ट फाइलीत एवढं जमवून ठेवा: मेसेजचा फोटो, लॉगची व्हर्जनवाली पहिली ओळ, एलडीडीचं पूर्ण उत्तर, एलडी_डीबगचं उत्तर, ‘एलएसबी_रिलीज -ए’ चं उत्तर, आणि /यूएसआर/लोकल/लिबमधल्या फाइलींची तारखांसकट यादी. येणारा माणूस तासावर पैसे घेतो, आणि पहिला तास तो हेच गोळा करण्यात घालवतो.